वाजू देऊ नको

—लावलेला होता. कितीदा सांगू भाऊ तुम्हाला? लावलेला होता म्हणजे लावलेला होता. बाहेर जाऊन विचारा, कुंभार पिंपळगावातलं शेंबडं पोरगंबी सांगंल तुम्हाला, उमाकाकूचा अपूर्व बेल्ट लावून गेला. उसाच्या ट्रॉलीखाली गाडी घुसली तव्हाबी बेल्ट खटक्यात गच्च बसलेला होता— गयासोद्दीन मिस्त्रीनं डोळ्यानं बघितला, गाडी वढून आणली त्या लोकांनी बघितला, अन आता तुम्ही जालन्याहून येता अन मला विचारता, काकू, नक्की का. नक्कीच. अन नसला तरी आता काय करायचं हाय ते विचारून? खावा, मोसंबी खावा, सोलून दिली अन तुम्ही नुसती हातात धरून बसलात. घरचीच हाय. फक्त जरा हळू बोला. हे आतल्या खोलीत पडलेत, अन चिन्मयी तयार होऊन राह्यली. दर शनिवारी ती बापाला जांबला दर्शनाला नेती. तीच चालवती आता गाडी, ह्यांनी तर अपूर्वचं झाल्यापासून स्टेरिंगला हात लावला न्हाई. अठरा भरले की लायसन काढलं तिनं, बापासाठीच काढलं. दोघांचे कान लई तिखट झालेत. अपूर्वचं नाव निघालं की पंखा बंद करून ऐकतात.

तुम्हाला मी ओळखलं बरं का, दारात आले तव्हाच. मुकुल ना तुम्ही? बियाण्याच्या कंपनीत एका टायमालाच लागलात दोघं, एकसारख्या पांढऱ्या गाड्या, एकसारखे निळे शर्ट, अन अपूर्व मोसंबीची पिशवी भरून न्यायचा त्यातली अर्धी तुमच्या घरी जायची. त्याच्या दहाव्याला तुम्ही आल्ते, कोपऱ्यात बसले अन न जेवता निघून गेल्ते. आता तुम्हाला सेफ्टीचं काम दिलं म्हणता. बरं झालं, फिरती कमी झाली असंल. न्हाई झाली? उलट वाढली? — कंपनीच्या गेटावर ड्रायव्हर लोकांपुढं बोलायचं, कॉलेजात जाऊन अकरावी-बारावीच्या पोरांपुढं बोलायचं, बेल्ट लावा, बेल्ट लावा— अन पोरं काय म्हणतात? सांगा की, अडखळता काहून? मीच सांगते. पोरं म्हणतात, सर, आमचा अपूर्वदादा बेल्ट लावूनच गेला, मंग काय उपयोग. असंच म्हणतात ना? ठाऊक हाय मला. इथला एक जीपवाला वाटूरच्या चौकात पोलिसालाबी तेच म्हणला, साहेब, आमच्या गावचं सोन्यासारखं पोरगं बेल्ट लावून मेलं, आता मला कशाला लावायला सांगता. पोलिसानं हळहळ केली अन सोडून दिलं त्याला. माझ्यासमोर. मी त्याच जीपमधी मागं बसल्ते. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, म्हणला, खरंय ना काकू? मी म्हणलं, हो.

मंग दुसरं काय म्हणणार होते? भर चौकात? अन एकदा हो म्हणलं की पुढं हो म्हणतच जावं लागतं माणसाला. आमच्या मागच्या आळीत तुळजाबाई राहती, तिचा नातू— तुम्हाला न्हाई ठाऊक, बारावीचं पोरगं. बापानं नवी गाडी घेतली, पूजा झाली, सीटवरचं प्लास्टिकबी निघालं नव्हतं अजून, अन ह्यानं दोस्त भरून नेली अन वळणावर उलटी केली. बाकीचे खरचटून उठले, हा पुढच्या काचेतून बाहेर. वाचला. वाचला म्हणजे खाटेवर हाय, कमरेखाली काही कळत न्हाई त्याला. मी बघायला गेल्ते. तर तुळजाबाई माझा हात धरून म्हणती, उमा, बरं झालं बाई आमच्यानं बेल्ट लावला न्हाई, लावला असता तर तुझ्या अपूर्ववाणी जागच्या जागी अडकून गेला असता. अन पोरगं तिथंच पडलेलं, ऐकून राह्यलं. मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पेढा दिल्ता मला तिनं, पोरगं वाचलं म्हणून. तो पेढा मी पदरात बांधून आणला अन गाईला घातला, माझ्यानं गिळवला न्हाई.

तुमच्या कंपनीनं तरी काय केलं? राग मानू नका, तुम्ही पगारी माणूस. पण ती मशीन कुणी बसवली गाड्यांमधी? बेल्ट न लावता गाडी हलली की टूं टूं वाजायची, अन ते वाजणं बराबर जालन्याला साहेबाच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, अन ज्याची वाजली त्याला सोमवारच्या मिटिंगमधी सगळ्यांपुढं उभं करायचे. अपूर्वला एकदा उभं केल्तं. लई मनाला लावून घेतलं त्यानं, आल्यावर ताटावर बसला न्हाई. तव्हापासून मी सांगायला लागले, बाबा, वाजू देऊ नको. मला काय बेल्ट-बिल्ट म्हणायची सवय न्हाई, आमच्या घरात तेच म्हणणं पडून गेलं. डबा हातात दिला की, वाजू देऊ नको बरं. फोन केला की, कुठवर आला, परतूर? वाजत न्हाई ना? — न्हाई वाजत आई. रोजचं. हेबी तसंच विचारायचे. चिन्मयी तर चिडवायची त्याला, दादा, आज वाजलास का रे. अन खरंच न्हाई वाजली त्याची गाडी, एकदाबी न्हाई. मंग दिवाळीला कंपनीनं बक्षीस दिलं, सुरक्षित चालक म्हणून, मिक्सर. तो काय आत सैपाकाच्या वट्यावर, दिसतो ना? साहेबाची सही असलेलं स्टिकर अजून तसंच हाय, हे काढू देत न्हाईत. रोज शेंगदाण्याची चटणी करते मी त्याच्यात. झाकणावर हात दाबून धरते अन दुसरीकडं बघते.

तर खोटं बोलला न्हाई तो. एवढं मी देवापुढं सांगायला तयार हाय. त्या दिवशी दिवेलागणीला फोन केल्ता, वाटूर सोडलं म्हणला. मी म्हणलं, वाजत न्हाई ना. म्हणला, न्हाई वाजत आई, चहा ठेव. खरंच सांगितलं त्यानं. मी जे म्हणलं तेच बराबर केलं लेकरानं, वाजू देऊ नको म्हणलं, त्यानं वाजू दिली न्हाई. वाजंल कशी? कायम अडकवलेलाच असायचा तो, काढायचं कामच न्हाई, वरून टॉवेल टाकला की पाठीला टोचतबी न्हाई—

काय? टॉवेल कुठं म्हणले मी? म्हणले असंन. घामानं सीट खराब होती म्हणून सगळेच टाकतात सीटवर टॉवेल, त्याच्यात काय. असं बघू नका माझ्याकडं. अन तुम्हाला काय नवीन हाय ह्यात? तुम्हाला ठाऊकच होतं. ठाऊक होतं ना? तुम्ही आले तव्हा मी ह्याच ओट्यावर बसल्ते भाऊ. गाडी थांबली, दार उघडलं, तुम्ही भसकन उतरले. बेल्ट लावलेला माणूस आधी कमरेपाशी चाचपतो, खटका काढतो, मंग पाय बाहेर टाकतो. तुमचा हात तिकडं गेलाच न्हाई. मला नादच लागलाय आता, रस्त्यावरनं कुणाचीबी गाडी थांबली की मी तेवढंच बघते. अपूर्वबी असाच उतरायचा, एका हातात डबा, एका हातात फोन, सरळ भसकन बाहेर. रोज दारात उभी राहून बघायचे मी त्याला, डोळे भरून बघायचे, अन मला बिलकुल कळलं न्हाई. तुमची गाडी वाजली का येताना? न्हाई ना? मंग. मान खाली घालू नका, मी तुम्हाला बोल लावून न्हाई राह्यले. तुम्हालाबी सोमवारी उभं राहायचं नसंल.

हे गेले न्हाईत गाडी बघायला. मीच गेल्ते, वाटूरला, गयासोद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात. सामान आणायचं होतं त्याचं, डबा, चपला, बियाण्याच्या पुड्या. पुढून सगळा चेंदामेंदा, अन ड्रायव्हरची सीट मात्र होती तशी. तिच्यावर माझा टॉवेल. पिवळा, कडंला हिरवी पट्टी. रविवारी मी धुवून द्यायचे अन सोमवारी निघताना तो घालायचा. मी तो वढून घेतला, लेकराचा म्हणून घेतला, दुसरं काही मनात नव्हतं. अन खाली बेल्ट. खटक्यात अडकवलेला, सीटला आवळून बसलेला. टॉवेलाच्या खाली भाऊ. म्हणजे माझं लेकरू त्याच्या वरून बसल्तं. रोज तसंच बसत असंल. मला आधी समजलंच न्हाई मी काय बघून राह्यले, मंग समजलं. मिस्त्री बाजूलाच होता, त्यानंबी पाह्यलं. मी टॉवेलाची घडी केली अन पिशवीत घातली. तेवढ्यात मागून गावातले लोक आले अन कुणीतरी म्हणलं, आरं, बेल्ट तर लावलेला हाय. मिस्त्रीनं माझ्या तोंडाकडं बघितलं अन म्हणला, हौ, लगाया था बच्चे ने. भला माणूस. त्याला वाटलं असंल, एवढं तरी राहू द्यावं बाईजवळ. मी घरी पोचायच्या आधी ते गावात पोचलं. घरी आले तर हे खाटेवर उठून बसलेले, म्हणले, उमा, बेल्ट लावल्ता म्हणून राह्यले सगळे, म्हणजे आपल्या लेकराची काही चूक न्हाई. काही चूक न्हाई, म्हणत म्हणत रडले. तेवढ्यावर पाणी पिले, तेवढ्यावर दोन घास खाल्ले. मी काय सांगायला पाहिजे होतं तव्हा? पिशवी उघडून टॉवेल दाखवायला पाहिजे होता? ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, ते तर खरंच हाय. ते मी कुणालाबी सांगंन.

अन मला वाटलं, गेलं ते गेलं, आता कशाला त्याच्या नावाला डाग. गाव दोन दिवस बोलंल अन विसरंल. गाव कुठलं विसरतंय, गावाला बहाणाच पाहिजे होता. चिन्मयीनं लायसन आणलं तव्हा मी तिला म्हणलं, बाई, बेल्ट लाव. ह्या टायमाला नीट म्हणलं, वाजू देऊ नको न्हाई म्हणलं, छातीवरून घे, पोटावरून घे, खटका लाव, असं म्हणलं. तर म्हणती, दादानं लावल्ता ना आई? मंग काय झालं त्यानं? अन म्हणती, तो छातीवर आला की मला दादा दिसतो, अडकून बसलेला, निघता न आलेला. आता ह्याला काय सांगावं? तिला जे दिसतं ते घडलंच न्हाई, अन घडलं न्हाई हे सांगायला माझं तोंड उघडत न्हाई. आमची गाडीबी नवीन, तीबी वाजती बेल्ट न लावता. मंग तिनं भावाचंच केलं. लावला बेल्ट सीटवर नुसता अडकवून. अन एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली, म्हणली, आई, दादाचा तो पिवळा टॉवेल दे ना, माझ्या सीटवर टाकते, तो जवळ हाय असं वाटंल. दिला मी. माझ्या हातानं दिला. काय कारण सांगून न्हाई म्हणले असते? सकाळी अंगण झाडताना काचेतून दिसतो मला. लई मायेनं नीट घातलेला असतो, एक सुरकुती न्हाई.

सांगायला बसल्ते मी तिला. एकदा न्हाई, लई बारी. तिच्या केसाला तेल लावता लावता म्हणलं, चिनू, एक सांगायचंय. ती म्हणली, सांग. अन मला तिच्या मानेचं हाड दिसून राह्यलं, एवढंसं, अन मी म्हणलं, तेल जास्त झालं का गं. तिनं विचारलं की तुला कव्हापासून माहिती, तर काय सांगू? तिनं आत जाऊन बापाला विचारलं तर? हा माणूस तेवढ्या एका गोष्टीवर उभा हाय, आपल्या लेकराची चूक नव्हती. ती काढून घेतली तर ह्यांना मी कशावर उभं करू? अन न्हाई सांगितलं तर— न्हाई सांगितलं तर काय होतं ते मला तुम्ही सांगू नका. मला ठाऊक हाय. मला एकटीलाच ठाऊक हाय. ती बाहेर पडली की मी मोबाईल मांडीवर घेऊन बसते, नंबर दाबते अन विचारते, कुठवर आली? वाजत न्हाई ना? दुसरे शब्दच येत न्हाईत तोंडात. ती म्हणती, न्हाई वाजत आई. त्याच आवाजात म्हणती भाऊ, भावाच्याच.

तर तुम्ही म्हणता, काकू, या, माईकवर बोला, तुम्ही सांगितलं तर पोरं ऐकतील. ऐकतील का? आईचं ऐकतात पोरं? माझ्या पोरानं ऐकलं होतं, बघा की कसं ऐकलं होतं. तुमचं ऐकून तुम्ही सोता लावत न्हाई. घरात, चार हातावर बसलेल्या लेकीला माझ्यानं सांगणं होईना, अन त्या शेकडो पोरांना सांगू? अन काय सांगू? माझा अपूर्व साहेबाला फसवत होता, मशीनला फसवत होता, मला फसवत होता? अन त्याच्यावरच त्याला मिक्सर मिळाला तव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या? न्हाई व्हायचं माझ्यानं. गेलेलं लेकरू झाकून ठेवू का असलेलं— काही कळत न्हाई मला. मी वाईट आई हाय असं म्हणा पाहिजे तर. पण येणार न्हाई. अन आज इथं जे बोलले ते मी बोलले न्हाई. विचारलं कुणी तर लावलेला होता. तुम्हीबी तेच सांगा साहेबाला.

गप बसा आता, उठले हे. — आं? हो गं, दादाच्या कंपनीतले भाऊ हायेत, सहज आल्ते भेटायला. काही न्हाई, कांदा चिरल्ता मघाशी. बाबांना मागं नीट बसव, उशी घे त्यांना. नारळ घेतलास? सावकाश जाय. चिनू— ए चिनू, ऐक. चिनू, बेल्ट— काही न्हाई. काही न्हाई गं, जाय. वाजू देऊ नको.

बसा भाऊ, एवढ्यात उठू नका, तिला मागं वळून बघायची सवय हाय. हसा जरा. आता बसली बघा. दार लावलं. आरशात बघून राह्यली. तुम्ही जाऊन सांगता का तिला? तुमचं ऐकंल कदाचित, दादाचे दोस्त म्हणून. न्हाई ना? पाय उचलत न्हाई ना? माझाबी उचलत न्हाई. चालू केली. ऐका आता, गाडी हलली की वाजती, फाटकाजवळ गेली की टूं टूं ऐकू येतं इथवर. ऐका.

वाजली का?

जावा तुम्ही आता.